वजा चौसष्ट

मंगळवार, ४

डॉक्टरबाईंनी आज ही वही दिली. औषधाच्या कंपनीची आहे, वर हसणाऱ्या गाईचं चित्र. म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहीत जा. काहीही लिही, मी वाचणार नाही. पण केसपेपरवरचं तुझं अक्षर बघून काल एक बाई विचारत होत्या, हे मांजराने लिहिलंय का म्हणून."

या झाल्या चार ओळी. पण पान रिकामं दिसतंय.

मी सातवीत शाळा सोडली. घरापासून इतक्या लांब येऊन जनावरांच्या दवाखान्यात तीन वर्षं झाली. माझं काम जनावरं धरायचं. ऐकायला सोपं वाटतं, धरून दाखवा म्हणावं. मांजराला मानेमागे कुठे धरलं की ते सैल पडतं, चावरं कुत्रं चावायच्या आधी कुठे बघतं, हे कुणी मला शिकवलं नाही. माझ्या हातावर लिहिलेलं आहे सगळं, नखांनी आणि दातांनी.

आणि वजन. दाराजवळ जमिनीवर पत्र्याचा काटा आहे. मांजरं टोपलीत बसवून मोजतो. मोठी कुत्री मात्र त्या पत्र्यावर उभी राहत नाहीत. नखं घसरतात, थरथरतात, आकडा नाचत राहतो. म्हणून मी कुत्र्याला उचलतो, दोघं मिळून काट्यावर चढतो आणि आकड्यातून माझे चौसष्ट वजा करतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि भिंतीवर चिकटपट्टी लावून लिहिलं, "वजा ६४". तेव्हापासून सगळे मला चौसष्टच म्हणतात. गणितात मी कायम नापास, पण ही एक वजाबाकी झोपेतून उठवून विचारा.

औषध, भूल, सगळं या वजनावर ठरतं. म्हणजे पहिला आकडा माझा. मग बाकीचे.

गुरुवार, ६

आज नवीन माणूस आला. माझ्याच वयाचा. दोन वर्षांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमधून आणलं होतं. काउंटरवरच्या मावशींनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगबाई, फोटो किती छान आलाय!"

माझाही फोटो आहे, बसच्या पासावर. तीन वर्षांत एकदाही छान म्हणाल्या नाहीत.

त्याने नाव सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. सर्टिफिकेट म्हणेन.

शुक्रवार, ७

सर्टिफिकेटला हात धुवायला दोन मिनिटं लागतात. मी मोजली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "बघ, असे धुवायचे असतात."

तीन वर्षं मी काय चिखलाने धूत होतो?

बुधवार, १२

आज तो काट्यापाशी आला आणि म्हणाला, "चौसष्ट, आपण यावर रबराची चटई टाकली तर? कुत्री आपणहून उभी राहतील. तुझ्या कमरेलाही आराम."

"माझ्या कमरेची काळजी कुणी करायला सांगितली तुला?"

"तसं नाही रे. कोर्सला आम्ही असंच करायचो."

"कोर्सला कुत्री पण कोर्स केलेली असतील."

मावशी फिसकन हसल्या. डॉक्टरबाई आतून म्हणाल्या, "राहू दे, चौसष्टची पद्धत चालते आपल्याकडे. आजवर आकडा चुकला नाही त्याचा." मला फार बरं वाटलं. पण संध्याकाळी बघतो तर त्याने घरून चटई आणून कपाटामागे गुंडाळून ठेवली आहे. म्हणजे वाट बघतोय.

दुपारी मागच्या खोलीत आम्ही जेवतो. एकच बाक आहे, दोघांचा. त्याच्या डब्यात उकडलेली अंडी, बटाटे, काय काय. बायको देते म्हणे. सगळंच मिळालंय लेकाला. "घे ना" म्हणून डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, पोट भरलंय. भरलं नव्हतं. उठून पिंजरे धुवायला गेलो.

रविवार, १६

ताईला फोन केला. आई शेजारीच होती. आईने गल्लीत सांगून ठेवलंय की मी डॉक्टरांचा उजवा हात आहे, माझ्याशिवाय ऑपरेशन होत नाही. हे मीच सांगितलं होतं तिला, आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं. आतली खोली एवढीशी आहे. टेबल, दिवा, डॉक्टरबाई आणि आणखी एकच माणूस मावतो. तो माणूस तीन वर्षं मी होतो.

"बारक्या, नवीन काय?" ताईने विचारलं.

"काही नाही. एक शिकाऊ आलाय, त्याला शिकवतोय."

हे मात्र खोटं होतं.

हल्ली सकाळी न खाताच निघतो. सर्टिफिकेटच्या आधी पोचायचं म्हणून. काल तो सव्वाआठला आला, म्हणून आज रविवार असूनही मी आठला जाऊन कुलूप हलवून आलो. बंदच होतं.

शनिवार, २२

लंगडीने फितुरी केली.

लंगडी म्हणजे दवाखान्याची तीन पायांची मांजर. गाडीखाली आली होती, पाय काढावा लागला. ती शुद्धीवर येईपर्यंत मी तिला शर्टाच्या आत धरून बसलो होतो. रोज दुपारी माझ्याच मांडीवर झोपते. आज मी बाकावर, तो बाकावर. ती आली, माझा गुडघा हुंगला, आणि माझ्या अंगावरून पलीकडे जाऊन त्याच्या मांडीवर पसरली. वर पंजे ताणून जांभई दिली, माझ्याकडे बघत.

"अंड्याच्या वासाने आली असेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मांजरांचं काय, बेइमान जात."

मावशी दारातून म्हणाल्या, "पोटात दुखतंय का रे तुझ्या?"

"तीन दिवस झाले, नीट जेवणच जात नाही," मी म्हटलं. खरंच जात नव्हतं. त्या इतक्या का हसल्या कळलं नाही.

गुरुवार, २७

आज माझा दिवस. बेकरीवाल्याचा जाडा कुत्रा आला होता. हा कुत्रा म्हणजे पोतं आहे. महिन्याभरापूर्वी मीच उचलून मोजला होता, चौतीस किलो. डॉक्टरबाईंनी त्याचा खुराक कमी करायला सांगितला आणि बेकरीवाल्याला समजावून सांगायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. आज पुन्हा उचलला. दोघांचे मिळून पंचाण्णव. वजा चौसष्ट, एकतीस!

बेकरीवाला नाचायचाच बाकी होता. "तीन किलो! अहो, मला तर वाटत होतं हा लबाड अजून मागच्या दाराने बिस्किटं मारतोय."

"मारत असता तर काटा बोलला असता," मी म्हटलं. "काट्याशी लबाडी नाही."

सर्टिफिकेट कुत्र्याच्या बरगड्या चाचपत होता. "तीन? हाताला तर तेवढाच लागतोय," असं पुटपुटला. मी ऐकलं. कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही काहींना.

बेकरीवाल्याने माझा हात हातात घेऊन हलवला. सर्टिफिकेटसमोर.

सोमवार, १

डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलं. "आत एकच माणूस लागतो मला, आणि तो कायमचा एकच हवा. या महिनाअखेर ठरवते. तोवर विषम तारखेला चौसष्ट, सम तारखेला तू. जो आत नसेल त्याने वजन, पिंजरे, आंघोळी, नखं."

मी म्हटलं, "बाई, तीन वर्षं मीच आहे आत."

"म्हणून तर ठरवायला महिना घेतेय," त्या म्हणाल्या. याचा अर्थ काय लावायचा? पहिल्याच दिवशी याला आत घेणार होत्या आणि माझी कीव आली, हाच ना?

आई गल्लीत काय सांगेल आता? उजवा हात नखं कापतो म्हणून?

गुरुवार, ४

सम तारीख. आत सर्टिफिकेट. दाराला गोल काच आहे. त्या काचेतून बघितलं. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला आणि मागायच्या आधी याने चिमटा ठेवला. मागायच्या आधी. मी तो माझा समजत होतो, तो हात पुढे करायचा प्रकार.

पिंजरा पुसताना बादली लाथेने उडाली. उडाली म्हणजे उडवली.

विजार सारखी खाली येते. धुऊन धुऊन कापड सैल पडलंय. आज बँडेजची पट्टी नाडीसारखी बांधली. पट्टी बांधताना सर्टिफिकेट आला, बघितलं, आणि गेला. दुपारी पुन्हा डबा सरकवला. "दोघांचा देते रे ती, वाया जातो."

त्याच्या बायकोच्या हातचं खायचं आणि त्याचंच मिंधं व्हायचं. नको.

मंगळवार, ९

विषम. आत मी. कुत्रीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन. सगळं नीट झालं. पण दोनदा वाटलं, डॉक्टरबाई चिमट्यासाठी हात पुढे करतायत आणि मी बघतच बसलोय. त्या काही म्हणाल्या नाहीत. पूर्वी ओरडायच्या. न ओरडणं जास्त वाईट.

रात्री ताईचा व्हिडिओ फोन. बघताच म्हणाली, "अरे, गाल कुठे गेले तुझे?"

"फोनचा कॅमेरा स्वस्तातला आहे."

"कॅमेरा गाल खातो होय रे? जेवतोस ना?"

"जेवतो. ठेव आता, काम आहे."

शुक्रवार, १२

आज सगळं लिहून ठेवायचं आहे.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत, कोपऱ्यावरच्या दुकानात. एकटेच असतात. त्यांचा केसाळ कुत्रा, सगळे त्याला गोधडी म्हणतात, कारण दिसतोच तसा. पाठीवर गाठ आली होती, ती आज काढायची होती. सम तारीख, म्हणजे आत सर्टिफिकेट. माझ्याकडे फक्त वजन.

गोधडीला उचलला. अठ्ठ्याहत्तर. वजा चौसष्ट, चौदा. केसपेपरवर लिहिलं, चांगल्या अक्षरात.

डॉक्टरबाईंनी वाचलं. "चौदाच?"

"केसच आहेत सगळे," मी म्हटलं.

सर्टिफिकेट गोधडीच्या पोटाखाली हात घालून म्हणाला, "बाई, मला जास्त वाटतोय. परत मोजू या का? चटई टाकतो, दोन मिनिटं लागतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर! आजोबांसमोर! मी म्हटलं, "माझा आकडा आजवर चुकलाय का, विचार बाईंना. हाताने मोजायचं असेल तर काटा विकून टाका."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाल्या, "चौसष्टने मोजलंय ना, झालं. चौदाचा डोस भर."

मी जिंकलो, असं वाटलं मला त्या वेळी.

पंधरा-वीस मिनिटांनी आतून असा आवाज आला की मावशींच्या हातातला फोन पडला. मी दार ढकललं. गोधडी टेबलावर अर्धा उठला होता. पाठीवर जखम उघडी, डोळे पांढरे, आणि सर्टिफिकेटचा हात त्याच्या जबड्यात. सर्टिफिकेट ओरडत नव्हता. दुसऱ्या हाताने कुत्र्याला छातीशी दाबून धरत होता, टेबलावरून पडू नये म्हणून. मी मानेमागून पकडलं, डॉक्टरबाईंनी आणखी भूल दिली. मग जबडा हळूहळू सुटला.

गोधडी वाचला. गाठ निघाली. सर्टिफिकेटच्या तळहातात चार दात गेलेत, अंगठ्याच्या मुळाशी. मोठ्या दवाखान्यात नेऊन टाके घातले.

बाहेर बाकावर आजोबा हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन बसले होते. पट्ट्याला कुत्रा नव्हता, तरी घट्ट धरलेला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "डोस कितीचा भरलास?"

"चौदाचा, बाई."

"चौदाचा भरला असतास तर वीस मिनिटांत उठला असता का तो? सिरिंजमध्ये हवा राहिली? आकडा चुकला? नीट आठवून सांग."

तो माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. "चौदाचाच भरला," एवढंच म्हणाला.

"हात बरा होईपर्यंत घरी बस. मग बघू."

मग बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आतली जागा माझी.

घरी येऊन दोन पोळ्या मांडून बसलो. एकही गेली नाही.

शनिवार, १३

विषम तारीख, आणि उद्यापासून समसुद्धा माझीच. आज आत मी. लंगडी माझ्या मांडीवर आली. मावशी म्हणाल्या, "बिचाऱ्याचा उजवा हात गेला रे." मी म्हटलं, "कोर्सला शिकवतात ना डोस भरायला?" मावशी चष्मा पुसत बसल्या.

सकाळपासून खुश आहे मी. हे इथे लिहून ठेवतो, कारण तसं वाटत नाहीये.

सोमवार, १५

आजोबा गोधडीला घेऊन आले, जखम दाखवायला आणि पुढचं औषध न्यायला. औषधासाठी पुन्हा वजन. पाठीला टाके, पोटाला गुंडाळलेली पट्टी, उचलायचा कसा? मावशी म्हणाल्या, "ती चटई आहे ना त्याची, टाक की. कुणी बघत नाही तुला."

टाकली. गोधडी स्वतःहून चढला आणि उभा राहिला. नखं रोवून, शांत. आकडा एकदाच उमटला. हललासुद्धा नाही.

एकोणीस.

मी उतरवला, पुन्हा चढवला. एकोणीस. ऑपरेशन झालेला, दोन दिवस पेज पिणारा कुत्रा पाच किलो वाढतो? गाठ काढली का घातली?

मी मावशींना म्हटलं, "काटा बिघडलाय."

कुत्र्यांच्या खाण्याचं शिवलेलं दहा किलोचं पोतं ठेवून बघितलं. दहा. दोन पोती ठेवली. वीस. चटई काढून ठेवली. वीस.

मग मावशी चहाला गेल्यावर मी स्वतः चढलो.

एकोणसाठ.

उतरलो. चपला काढून चढलो, जणू चपला काढून वजन वाढणार होतं. एकोणसाठ.

भिंतीवर लिहिलंय, वजा ६४. तीन वर्षं रोज वाचतोय. ती पट्टी भिंतीला लावलेली आहे, मला नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. कुत्र्यांचं वजन बदलतं, माझं कसं बदलेल? मी तर चौसष्ट.

मंगळवार, १६

काल झोप नाही. जुने केसपेपर काढून बघितले, मागच्या महिनाभराचे. माझ्या हातचे, सुधारलेल्या अक्षरातले. मोठी कुत्री अकरा. नऊ जणांची जंताची औषधं आणि लसी, त्यात काही बिघडत नाही. दहावं बेकरीवाल्याचं पोतं. त्याचे तीन किलो कुठे गेले ते आता कळलं. माझे गेले होते. लबाड अजून मागच्या दाराने बिस्किटं मारतोय.

अकरावा गोधडी.

कुणाला कळणार नाही. काटा बिघडला होता म्हटलं तर चालेल. आजच्या आज कुणी नसताना पट्टीवर ५९ लिहिलं तरी चालेल, बघतं कोण? सर्टिफिकेटला एवढं शिक्षण आहे, त्याला दुसरीकडे कुठेही जागा मिळेल. मला आत कोण घेणार दुसरीकडे? आईला काय सांगू?

आज आत असताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं, तू तरी आहेस." मी मान खाली घालून चिमटे मोजत राहिलो.

एक गोष्ट सारखी आठवते. त्याने परत मोजू म्हटलं होतं. हे त्याने बाईंना का सांगितलं नाही? एका वाक्याने सुटला असता.

बुधवार, १७

सांगितलं.

दवाखाना उघडायच्या आधी गेलो. डॉक्टरबाई हातमोजे मोजत होत्या. मी सरळ काट्यावर जाऊन उभा राहिलो आणि आकड्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी आकडा बघितला. भिंतीवरची पट्टी बघितली. मग बराच वेळ माझ्या कमरेच्या बँडेजकडे बघत राहिल्या.

"कधीपासून?"

"तो आल्यापासून."

"आजारी आहेस का?"

"नाही."

"मग?"

"जेवण जात नव्हतं." मग म्हटलं, आता लपवून काय. "त्याचं चांगलं बघवत नव्हतं, बाई."

त्या ओरडतील असं वाटलं. खुर्चीवर बसल्या. "तो परत मोजू म्हणत होता. मी नको म्हटलं. का माहीत आहे? तू मोजलं होतंस म्हणून. दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर मी स्वतः परत मोजायला लावलं असतं."

हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते आज.

"आता मी विचारणार," त्या म्हणाल्या. "रोज विचारणार. आणि आजोबांना तू सांगायचंस, मी नाही. आज."

आजोबांच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून बसले होते, गोधडी पायाशी. सगळं सांगितलं. भिंग न काढता ऐकत होते, त्यामुळे एक डोळा राक्षसासारखा मोठा दिसत होता. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे रोज लोक येतात. मागे पडलेलं घड्याळ हातात, आणि सांगतात काय, की आजोबा, सगळी दुनिया पुढे धावतेय." मग भिंग काढलं. "मी घाबरलो होतो रे. याच्याशिवाय या दुकानात माझ्याशी कोण बोलतं?"

मी माफी मागितली. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं नाही. "जेव आधी," म्हणाले. गोधडीने मात्र माझा हात चाटला. त्याला काय माहीत.

संध्याकाळी सर्टिफिकेटच्या घरी. त्याच्या बायकोने दार उघडलं. मला बघून आत ओरडली, "अहो, तुमचे चौसष्ट आलेत." म्हणजे घरी माझ्याबद्दल बोलतो हा.

एकोणसाठचं सगळं सांगून मी विचारलं, "बाईंना का नाही सांगितलंस, परत मोजू म्हणाला होतास ते?"

"सांगून काय? मला जास्त वाटत होता, तरी मी भरला ना चौदाचा. माझ्या हाताला माहीत होतं. मी गप्प बसलो, ते माझंच चुकलं."

"आणि तुला कळलं होतं, माझं वजन उतरलंय ते?"

"अरे, विजारीला बँडेज बांधून फिरत होतास. पण वजाबाकीचं माझ्याही डोक्यात नाही आलं. वाटलं, घरी काही अडचण असेल. कसं विचारणार? तू तर डबासुद्धा घेत नव्हतास."

चांगुलपणातसुद्धा हा माझ्या पुढे. काय करायचं याचं?

सोमवार, २२

सर्टिफिकेट कामावर आला. हाताला पट्टी आहे म्हणून डाव्या हाताने चहा पितो, सांडतो. बेकरीवाल्याला मी फोन करून सांगितलं की कुत्रा अजून चौतीसच आहे. तो म्हणाला, "तरीच! मी त्याला बक्षीस म्हणून केक दिला हो!"

मंगळवार, ३०

डॉक्टरबाईंनी ठरवलं. आत तो. हात पूर्ण बरा झाला की कायमचा.

"वजन तुझ्याकडे," मला म्हणाल्या. "चटई राहील. ज्याला चटईवर उभं राहता येणार नाही त्याला तू उचलायचं. पण रोज सकाळी पहिल्यांदा तू काट्यावर, मग कुत्री."

भिंतीवरची पट्टी मीच खरवडून काढली. तीन वर्षांचा गोंद, निघता निघेना. तिथे आता पाटी लावली आहे, खडूने लिहायची, रोज पुसायची.

रात्री ताईला फोन करून सांगितलं की मी आत नाही, बाहेर वजनं करतो. ती म्हणाली, "आईला मी सांगते, पहिला आकडा तुझाच असतो म्हणून." हे मी तिला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही.

आजही गोल काचेतून बघितलं. त्याने चिमटा ठेवला, मागायच्या आधी, डाव्या हाताने. जळलो. अजून जळतो. उद्याही जळेन, खोटं कशाला लिहू?

सकाळी काट्यावर चढलो तेव्हा साठ भरलो. डॉक्टरबाईंनी स्वतः बघितलं, सर्टिफिकेटने पाटीवर लिहिलं, "वजा ६०", आणि माझ्याकडे बघून हसला. "आता तुला साठ म्हणायचं का रे?"

"चौसष्टच म्हण," मी म्हटलं. "होईन परत."

त्या वाढलेल्या एका किलोत निम्मा त्याच्या डब्यातला आहे. हे मी त्याला सांगणार नाही.